इम्प्लांट बसवण्याआधीचे तीन महिने

एका दाताचे इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या ते एका तासात आटोपते, आणि तेवढ्या जागेला भूल दिलेली असल्यामुळे त्या वेळी दुखतही नाही. ते इम्प्लांट पुढे वीस वर्षे चालणार की वर्षभरातच हलू लागणार, याचा निकाल मात्र बराचसा त्या तासाच्या आधीच लागलेला असतो. जबड्याच्या हाडाची जाडी, हिरड्यांची अवस्था, रक्तातील साखर, तंबाखूची सवय आणि चालू असलेली औषधे या गोष्टी तो ठरवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात घरात इम्प्लांटचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "किती पैसे लागतात?" आणि दुसरा, "लई दुखतं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु शस्त्रक्रियेआधी आपण काय करायचे, हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात, आणि हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

प्रथम इम्प्लांट म्हणजे काय ते पाहू, कारण इम्प्लांट म्हणजे आयता बसवलेला आख्खा दात, असा अनेकांचा समज असतो. त्याचे खरे तर तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियम धातूचा स्क्रू, साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब आणि ३.५ ते ५ मिलिमीटर जाड. तो दाताच्या मुळाचे काम करतो. त्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा बसतो, आणि सर्वांत वर दिसणारा दात, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो ती. टायटॅनियमच का, यामागे एक योगायोग आहे. १९५० च्या दशकात स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर काढायला गेले, तर ते निघेना, कारण हाड त्याला घट्ट जुळून आले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि तो रुग्ण २००६ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या स्क्रूंनी त्याची सोबत केली.

स्क्रू हा असा हाडाशी जुळून येतो, त्याला चिकटवलेले नसते. हे जुळणे शरीर स्वतः करते आणि त्याला वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा. वरच्या जबड्याचे हाड, विशेषतः दाढांपाशी, सच्छिद्र आणि मऊ असते. खानापूरकडच्या जुन्या घरांत ज्यांनी भिंतीत खुंटी ठोकली आहे त्यांना हा फरक सहज कळेल. जांभ्या दगडात बसलेली खुंटी पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, पण तीच खुंटी भुसभुशीत मातीच्या भिंतीत ठोकली तर पहिल्या ओझ्यालाच सैल होते. दंतवैद्य शस्त्रक्रियेपूर्वी एवढ्या तपासण्या का सांगतात, तर आपल्या तोंडातील भिंत कोणत्या प्रकारची आहे हे त्यांना पाहायचे असते.

हाड आणि त्याची मोजणी

दात काढल्यावर त्या जागी हाड कायम तसेच राहते, ही समजूत चुकीची आहे. दाताच्या मुळाने येणारा दाब बंद झाला की शरीर ते हाड हळूहळू काढून घेऊ लागते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. "बघू की अजून, चावायला दुसरी बाजू हाय की," असे म्हणत आपल्याकडे माणसे पाच-सात वर्षे सहज काढतात. त्या काळात हाड झिजते, शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात खाली किंवा वर सरकून ती जागा अडवतो. मग इम्प्लांटच्या आधी हाड भरण्याचा वेगळा उपचार करावा लागतो, ज्यात चार-सहा महिने आणखी जातात आणि खर्चही वाढतो. म्हणून दात काढायचाच असेल, तर काढण्याच्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे की पुढे इम्प्लांट करण्याचा विचार आहे, तर हाड टिकवण्यासाठी आत्ताच काही करता येईल काय. दात काढून झाल्यावर पाच वर्षांनी हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

हाड मोजण्यासाठी दोन प्रकारची चित्रे काढली जातात. ओपीजी हा संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे. त्यात हाडाची उंची दिसते, पण जाडी दिसत नाही. सीबीसीटी स्कॅनमध्ये हाड तिन्ही बाजूंनी दिसते आणि मिलिमीटरमध्ये मोजता येते. ४ मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसवायचा असेल तर हाडाची रुंदी निदान ६ ते ७ मिलिमीटर असावी लागते, कारण स्क्रूच्या दोन्ही बाजूंना हाडाची पुरेशी भिंत उरली पाहिजे. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नस जाते, जी खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. स्क्रूचे टोक आणि ती नस यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखले जाते. स्कॅनचे पैसे वाचवण्याची इच्छा मला समजते, पण खालच्या दाढेचे इम्प्लांट स्कॅनशिवाय करून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका स्कॅनच्या किमतीपुढे ओठाची कायमची बधिरता ही फार मोठी किंमत आहे.

वरच्या दाढांबाबत वेगळी गोष्ट आहे. वरचा दात काढला किंवा तिथे काही बसवले तर डोळा अधू होतो, ही भीती आपल्याकडे अजूनही वयस्कर मंडळी बोलून दाखवतात. तिला आधार नाही, कारण डोळ्याला दृष्टी देणारी नस दातांपर्यंत येतच नाही. वरच्या दाढांच्या वर खरोखर असते ती सायनसची हवेची पोकळी. दात गेल्यावर ही पोकळी खाली उतरते आणि मधले हाड पातळ होते. तेव्हा पोकळीचे अस्तर हलकेच वर उचलून खाली हाडाची भुकटी भरावी लागते, ज्याला डॉक्टर सायनस लिफ्ट म्हणतात.

या हाडाच्या भुकटीबद्दल एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी. ती रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची असू शकते, प्रयोगशाळेत तयार केलेली कृत्रिम असू शकते, किंवा गाय वा डुक्कर यांच्या हाडापासून शुद्ध करून बनवलेली असू शकते. वैद्यकीयदृष्ट्या हे सर्व पर्याय वापरात आहेत. परंतु आपल्या भागात जैन, लिंगायत, वारकरी आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि आपल्या शरीरात काय घातले जाते आहे हे जाणून घेण्याचा त्यांचा हक्क श्रद्धेशी थेट जोडलेला आहे. शस्त्रक्रियेनंतर हे कळून मनाला लागून राहण्यापेक्षा आधी विचारणे बरे. पर्याय जवळजवळ नेहमीच असतो.

हिरड्या

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे आहे, पण त्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तो बराच वाढेपर्यंत दुखत नाही. ज्यांचे दात पायोरियाने हलून पडले आहेत त्यांना हा धोका अधिक असतो, कारण ज्या जंतूंनी दाताभोवतीचे हाड खाल्ले तेच उरलेल्या दातांच्या कडेने तोंडात राहतात. म्हणून आधी दातांची खोलवर साफसफाई, किडलेल्या दातांवर उपचार आणि ब्रश करताना येणारे रक्त पूर्ण थांबणे, एवढे झाल्याशिवाय तारीख घेऊ नये. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही सांगावी. ती सहसा स्वतःला ठाऊक नसते, घरच्यांना विचारावे.

साखर

मधुमेह असला की इम्प्लांट करताच येत नाही, असे समजून अनेक जण मागे फिरतात. साखर नियंत्रणात असलेल्या रुग्णांत इम्प्लांट चांगले जुळून येते. अडचण आहे ती नियंत्रणात नसलेल्या साखरेची, कारण तेव्हा जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हाड जुळण्याची क्रिया मंदावते. यासाठी पाहिली जाणारी तपासणी म्हणजे एचबीएवनसी, जिला लोक तीन महिन्यांची शुगर म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मोजली जाते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. तो ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.

आदल्या दिवशी भात सोडून आणि गोळी वाढवून हा आकडा खाली आणता येत नाही. आज जेवणात, चालण्यात आणि औषधांत केलेला बदल त्यात पूर्णपणे दिसायला तीन महिने लागतात. या लेखाच्या मथळ्यातील तीन महिने मी मुख्यतः येथूनच घेतले आहेत.

तंबाखू, मशेरी आणि सुपारी

हा विषय मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण आपल्या भागात तो टाळून पुढे जाता येत नाही. निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. तंबाखूचे पीक, वखारी आणि विड्या वळणे यांवर असंख्य घरांच्या चुली पेटल्या आहेत. त्यामुळे तंबाखूला नावे ठेवण्याच्या सुरात कोणी बोलू लागले की येथील माणूस ऐकणे बंद करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. मला येथे फक्त हाडाशी काय घडते ते सांगायचे आहे.

निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जबड्याच्या हाडाला आणि हिरडीला होणारा रक्तपुरवठा अशाच बारीक वाहिन्यांतून होतो, आणि स्क्रूभोवती नवे हाड तयार होण्यासाठी तो पुरवठा अत्यावश्यक असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याशिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेते. परिणामी धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. तंबाखू कायमची सुटली तर फारच चांगले. तेवढे लगेच जमत नसेल, तर शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधीपासून आणि नंतर निदान आठ आठवडे ती पूर्ण बंद ठेवावी, असा दंतवैद्यकात रूढ असलेला सल्ला आहे. दोन-तीन महिने आधी सुरुवात केली तर त्या आठवड्यात होणारी तगमग पुष्कळ कमी होते.

आता मशेरीविषयी. माझ्या आत्याला एका दवाखान्यात विचारले गेले, "तंबाखू खाता का?" तिने "नाही" म्हणून सांगितले, आणि ते तिच्या दृष्टीने अगदी खरे होते, कारण ती तंबाखू खात नव्हती. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर बोटाने घासून दहा-पंधरा मिनिटे तोंडात धरायची, हा तिच्या लेखी दात घासण्याचा भाग होता. तपकिरीचेही तसेच, ती ओढणारी माणसे स्वतःला तंबाखूवाली मानत नाहीत. डॉक्टरांच्या अर्जावर "तंबाखू: नाही" असे लिहिले गेले, आणि महिनाभराने शेजारच्या दाताच्या उपचाराच्या वेळी तिच्या हिरड्या पाहून दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नेमका प्रश्न विचारला, तेव्हा कुठे हे समोर आले. म्हणून घरातील वयस्कर स्त्रीला घेऊन जाणाऱ्या मुला-सुनांना माझी कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांनी विचारले नाही तरी मशेरी, तपकीर, विडी, गुटखा, मावा यांपैकी जे असेल ते नाव घेऊन सांगा. मशेरी लावणाऱ्यांच्या बाबतीत तर तंबाखू थेट त्याच हिरडीवर बसतो जिथे टाके पडणार असतात. मशेरी सोडल्यावर तोंड "स्वच्छ वाटत नाही" ही तक्रारही खरी असते. त्यासाठी मऊ ब्रश आणि साधी पेस्ट यांची सवय आधीच लावावी लागते, आणि या सवयीलाच काही आठवडे द्यावे लागतात.

सुपारीचा प्रश्न निराळा आहे. वर्षानुवर्षे सुपारी, गुटखा किंवा मावा चघळल्याने गालाच्या आतली कातडी पांढुरकी व ताठ होते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. आपल्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील तर इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी. मागच्या दाढेपाशी ड्रिल उभे धरायला पुरेशी जागा लागते हे एक कारण झाले. दुसरे अधिक गंभीर आहे: असे ताठ झालेले तोंड ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते.

चालू असलेली औषधे

दवाखान्यात जाताना औषधांची यादी तोंडी सांगू नये. गोळ्यांची सगळी पाकिटे, रिकामी झालेली असली तरी, एका पिशवीत घालून न्यावीत. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरांना निर्णय घेता येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण त्या सांगतच नाहीत. काही जण शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून चार दिवस आधी स्वतःच बंद करतात. दुसरी चूक जिवावर बेतू शकते, विशेषतः हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर. एका इम्प्लांटच्या जखमेतला रक्तस्राव दाब देऊन आणि टाके घालून सहसा थांबवता येतो, पण स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली तर वेळ हाती राहत नाही. गोळी चालू ठेवायची की बदलायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी आपसांत बोलून ठरवावे, आणि ते रुग्णाच्या कागदावर लिहून घ्यावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, करून घ्यावी लागते. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर इम्प्लांटची घाई मुळीच करू नये.

ज्या औषधाची सर्वांत जास्त वेळा वाच्यता होत नाही ते हाडे ठिसूळ होण्यावरचे. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अशी गोळी तुमच्या आईला किंवा सासूबाईंना दिलेली असेल, तर ती हीच. काहींना वर्षातून एकदा सलाइनमधून किंवा सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शनने तशी औषधे देतात. ही औषधे हाडाची झीज रोखतात, पण त्याबरोबर जबड्याच्या हाडाची जखम भरून काढण्याची शक्तीही मंदावू शकते, आणि क्वचित हाडाचा तुकडा मृत होऊन उघडा पडतो. गोळी थोडा काळ घेतलेल्यांत हा धोका अल्प असतो. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत शिरेतून औषध घेतलेल्यांत तो इतका असतो की इम्प्लांट सहसा टाळलेच जाते. सहा महिन्यांचे इंजेक्शन स्वतःहून चुकवणेही घातक आहे, कारण ते थांबवल्यावर मणक्याची हाडे मोडण्याची शक्यता वाढते. वर्षातून एकदा घेतलेले सलाइन "चालू औषध" म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. ते मुद्दाम आठवून सांगावे. डोके-मान भागाला पूर्वी कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील तर तेही सांगावे, मग त्याला पंधरा वर्षे झाली असोत. गुडघेदुखीसाठी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्याही त्या पिशवीत ठेवाव्यात, कारण अशा पुडीत स्टेरॉइड असू शकते.

आता वयाबद्दल थोडक्यात. जबड्याची वाढ चालू असताना इम्प्लांट करत नाहीत, कारण हाड वाढते आणि स्क्रू जागीच राहतो, त्यामुळे तो दात आखूड दिसू लागतो. म्हणून साधारण १८ ते २१ वर्षांपर्यंत थांबतात. वरची वयोमर्यादा अशी नाही.

कुठे जायचे आणि काय विचारायचे

बेळगाव शहरात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. दंत महाविद्यालयाचा फायदा असा की हिरड्या, शस्त्रक्रिया आणि कृत्रिम दात या तिन्ही शाखांचे तज्ज्ञ एकाच छताखाली मिळतात, आणि खर्च सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. बदल्यात फेऱ्या आणि थांबणे जास्त होते. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडते, खानापूरकडचे काही गोव्यालाही जातात. कुठेही जा, पण पुढील वर्षभर निदान आठ-दहा वेळा जाता येईल असे ठिकाण निवडा. एका फेरीत सगळे उरकून मिळेल म्हणून लांबच्या शहरात शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांची नंतर टाके, तपासणी आणि कॅप यांसाठी फार ओढाताण होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. बेळगावात बहुतेक डॉक्टर मराठीत बोलतात, पण हातात येणारे संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते, आणि खानापूर तालुक्यातून आलेल्या आजीबाई त्यावर न वाचताच अंगठा किंवा सही करतात. संमतीपत्र म्हणजे नुसती औपचारिकता नसते. त्यात कोणते धोके आहेत, इम्प्लांट जुळले नाही तर काय होईल आणि पैशांचे काय होईल, हे लिहिलेले असते. ते एक दिवस आधी मागून घरी न्यावे, घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावे, आणि जे कळले नाही ते डॉक्टरांना मराठीत समजावून सांगण्याची विनंती करावी. अशी विनंती करण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि चांगले डॉक्टर तिचे स्वागतच करतात.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, हाडाची भुकटी व सायनस लिफ्ट लागल्यास त्यांचे वेगळे आकडे मांडून घ्यावेत. जाहिरातीतील कमी आकडा कित्येकदा फक्त स्क्रूचा असतो. आरोग्य विम्यात दातांचे उपचार अपघात वगळता बहुधा धरले जात नाहीत. तरी पॉलिसी वाचून पाहावी. त्याच बैठकीत ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) आणि कवळी या पर्यायांबद्दलही विचारावे. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज हा समंजस पर्याय ठरू शकतो, आणि खालच्या जबड्यात एकही दात उरला नसेल तर फक्त दोन इम्प्लांटवर घट्ट बसणारी कवळी अनेक वृद्धांना पुरते. सगळ्यांनी इम्प्लांटच करावे, असे मी म्हणणार नाही.

तारीख, आदला दिवस आणि तो दिवस

तारीख ठरवताना आपल्या कामाचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठेवावे. कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांनी ऐन पावसाळा टाळावा, कारण पहिल्या दहा दिवसांत दोनदा तरी यावे लागते आणि काही दुखले-खुपले तर रात्री निघता आले पाहिजे. भातकापणी, ऊसतोड किंवा घरचे लग्न असेल तर त्याच्या आधीचे आठवडे सोडावेत. जड ओझी उचलणे आणि उन्हात राबणे निदान चार-पाच दिवस बंद ठेवावे लागते.

साध्या भुलेखाली शस्त्रक्रिया असेल तर उपाशी जाऊ नये. नेहमीचा नाश्ता करून, बीपी आणि मधुमेहाची गोळी ठरल्याप्रमाणे घेऊन जावे. गुंगीचे औषध देणार असतील तरच उपाशी राहण्याची सूचना मिळते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती पुन्हा एकदा सांगावी, कारण शस्त्रक्रियेआधी दिली जाणारी अँटिबायोटिक बहुतेकदा त्याच गटातील असते. बीपी १८०/११० च्या वर गेलेले आढळले तर डॉक्टर त्या दिवशी परत पाठवतात. तसे झाले तर रागावू नये. ते डॉक्टर नीट काम करीत आहेत. प्रत्यक्ष ड्रिल चालताना त्यावर सतत थंड सलाइन सोडलेले असते, म्हणून तोंडात पुष्कळ पाणी जमते. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर तेथील पेशी मरतात आणि स्क्रू जुळत नाही, त्यासाठी ही काळजी. ड्रिलचा आवाज आणि जबड्यावर दाब जाणवतो. दुखले तर हात वर करावा; भूल वाढवता येते.

स्वयंपाकघराचीही तयारी आदल्या दिवशी करून ठेवावी. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट असे नाचणीचे आंबील, भाताची पेज, ताक-भात. नंतर मऊ भात, वरण, हुग्गी, दुधात पूर्ण भिजवलेली भाकरी. कडक भाकरी, चिरमुरे, फुटाणे आणि तिखट रस्सा टाके निघेपर्यंत लांब ठेवावेत. चिरमुऱ्याचे टरफल टाक्यात अडकले तर काढणे कठीण जाते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाने शेकावे, जोराने चूळ भरू नये आणि थुंकू नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर त्याच सकाळी डॉक्टरांना फोन करावा, टाके काढण्याच्या तारखेची वाट पाहू नये. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो लगेच, पहिल्या एक-दोन दिवसांत, मागे घेतल्यास संवेदना परत येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, पू किंवा ताप असेल, तरीही तसेच करावे.

घरी निघताना स्क्रूच्या वेष्टनावरील चिकटपट्टी मागून घ्यावी. तिच्यावर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असतो. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची किल्ली आणि जोडतुकडा वेगळा असतो, त्यामुळे दहा वर्षांनी कॅप सैल झाली आणि तोपर्यंत डॉक्टर निवृत्त झाले किंवा मुलगा तुम्हाला पुण्याला घेऊन गेला, तर तेथील दंतवैद्याला पहिल्यांदा ही पट्टीच लागेल. ती एका कार्डावर चिकटवून आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवावी, आणि मोबाइलमध्ये तिचा एक फोटो काढून मुलांना पाठवून ठेवावा.